चोविसावी

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, ए.सी.चं पाणी ठिबकणाऱ्या भिंतीमागे
उम्म जासिमचं घर. ती रमजानच्या आधी गेली.
मी मोजायला आले आहे.
सुती हातमोजे, मऊ पेन्सिल, कंपनीचा फॉर्म.
रकाने तीन: क्रमांक. फुलाचं नाव. दोष.

ताटल्या इंग्लंडच्या, सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या.
पांढऱ्या म्हणवत नाही त्यांना.
खरवसाचा रंग, दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा,
आणि वजन इतकं कमी की उचलताना
हात अंदाजापेक्षा वर जातो.

कडेला तपकिरी रेघ. मधोमध एकच फूल.
माती नाही, मूळ नाही, सावलीसुद्धा नाही,
देठ तिरका कापलेला,
कुणी खुडून ठेवलं आणि सांगायचं राहून गेलं तसा.
पाठीवर नाव, पहिल्या बाकावरच्या मुलीच्या अक्षरात.
असेलही मुलगीच. नगावर मजुरी,
ओल्या बोटांनी कुंचल्याला टोक काढणारी.
मलाही नगावरच मिळतात.

झिलईच्या केसाएवढ्या भेगांत
खजुराचा पाक मुरलाय.
म्हातारी रोज यांतच खायची म्हणे, अस्रनंतर, एकटी.
मी लिहिते: डाग.
जाईल का ते घासून बघत नाही.

आजोबांना मिळाल्या त्या मोत्यांच्या उधारीत,
एका परत निघालेल्या साहेबाकडून. तेव्हा चोवीस होत्या.
आता तेवीस,
आणि तेवीसला तिघांनी भाग जात नाही.
जासिम गाडीत बसलाय, इंजिन चालू ठेवून.
हमद जिन्यात फोनवर.
अदनान दर दहा मिनिटांनी येऊन मला विचारतो,
"नीट मोजल्यास ना?"

हात धुवायला अंगणात गेले.
देशी बदामाखाली, नळाच्या कडेला
भात, सुरमईचं डोकं, आणि त्याखाली
तीच तपकिरी रेघ.

कुसुमलता दारात उभी. तेरा वर्षं आहे या घरात.
"मामांनीच दिली. मांजर म्हातारं झालंय,
खोल भांड्यात तोंड जात नाही त्याचं."
मग थोड्या वेळाने,
"मला कुणी विचारलंच नाही."

मी ताटली धुतली. भात निघाला, काटे निघाले,
आणि खालून कळलावी.

कळलावीच. पिवळ्यातून लाल होत जाणाऱ्या सहा पाकळ्या,
पानांची टोकं धरायला काहीतरी शोधणारी.
पण देठ खाली, पाकळ्या खाली गळलेल्या,
केसर आभाळाकडे.
तिने कधी पाहिली नव्हती ना वेलीवर.
पाठ कोरी. नाव तिलाही कुणी सांगितलं नसणार.

आमच्याकडे गुहागरला श्रावणात ती कुंपणावर पेटते.
घरात आणायची नाही, घरात कळ लागते,
भाऊ भावाशी बोलेनासा होतो.
आणि तिचंच मूळ उगाळून आमची सुईण
अडलेल्या बाईच्या तळपायांना लावायची,
कळ यावी म्हणून.
सलमानियाच्या वॉर्डात, सतरा तास,
मला ते मूळ आठवत होतं,
आणि तळपाय गार.

फॉर्मवर दोष लिहायला पेन्सिल टेकवली: फूल उलटं.
मग ताटली अर्धी फिरवली.
गोलच तर होती.
देठ वरून आला, पाकळ्या वर उसळल्या,
केसर खाली, जसे असतात तसे.

लिहिलं: चोवीस.
नाव: कळलावी. देवनागरीतच. दुसरं मला येत नाही,
लंडनच्या कचेरीला बघू दे काय करायचं ते.
दोष या रकान्यात रेघ मारली.

आठ, आठ, आठ.
बाहेर जासिमचं इंजिन अजून चालूच.

कुसुमलताने भात वेगळा काढून ठेवला होता.
मी माझ्या डब्याचं झाकण पुसलं, नळाजवळ ठेवलं.
मांजर आलं. स्टील हुंगलं.
माझ्याकडे पाहिलं बराच वेळ,
आणि जेवलं नाही.